‘आत्ताच कशाला?’ – एचपीव्ही लशीबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा : गर्भाशयमुखाचा कर्करोग चाळिशीच्या आसपास होतो, मग बारा वर्षांच्या मुलीला एचपीव्हीची लस कशाला? शाळेत ही लस दिल्यावर मुली बेशुद्ध पडतात. पुढे मूल होत नाही. वर मुलींना नको ती मोकळीक मिळते. आणि लस घेऊनही कर्करोग होतोच.

तो पुढे पाठवणारे लेकीच्या काळजीनेच पाठवतात, हे मला माहीत आहे. पण फटका तिलाच बसतो, म्हणून हे उत्तर.

‘आत्ताच कशाला’ हा प्रश्न रास्त आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. एचपीव्ही हा विषाणू लैंगिक संपर्कातून पसरतो. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडून बसतो, त्यांच्यात कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे चाळिशीत दिसणाऱ्या रोगाची सुरुवात विशीत झालेली असते. लस विषाणूला शिरू देत नाही, पण शिरलेल्याला हुसकावू शकत नाही. म्हणून ती संपर्काच्या आधी, ९ ते १४ या वयात द्यायची. या वयात प्रतिकारशक्तीही जोमाने तयार होते. स्वीडनमध्ये लाखो मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. थांबण्याची किंमत या दोन आकड्यांत दिसते.

बेशुद्ध पडण्याचं खोटं नाही. मुली रांगेत उभ्या असतात, स्पिरिटचा वास येत असतो, सकाळपासून पोटात काही नसतं. पुढची मुलगी पांढरीफटक पडते, ते पाहून मागचीचे पाय लटपटतात. या वयात कुठल्याही इंजेक्शननंतर असं होऊ शकतं. रक्तदाब क्षणभर उतरतो, आडवं केलं की मूल भानावर येतं. म्हणूनच लस बसवून द्यायची आणि नंतर पंधरा मिनिटं नजरेखाली ठेवायचं.

या भीतीचं काय होतं ते जपानने पाहिलं. दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर २०१३ मध्ये तिथल्या सरकारने या लशीची शिफारस थांबवली. सुमारे ७० टक्क्यांवर असलेलं लसीकरण एक टक्क्याच्याही खाली आलं. पुढे नागोया शहरात जवळपास ३०,००० मुली-तरुणींची लक्षणं तपासली, तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फरक सापडला नाही. शिफारस पूर्ववत व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांतल्या मुलींचं वय मात्र निघून गेलं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मूल न होण्याबद्दल. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याचा डीएनएही नसतो. असतं ते फक्त त्याच्या वरच्या कवचाचं प्रथिन. त्याने वंध्यत्व येतं असा पुरावा नाही. गर्भाशय काढावं लागतं ते कर्करोगामुळे. रेडिएशनने बीजकोश निकामी होतात तेही कर्करोगाच्या उपचारात. आई होण्याच्या काळजीने लस टाळणाऱ्यांनी हे आधी पाहायला हवं.

मोकळीक? अमेरिकेत ११-१२ वर्षांच्या सुमारे १,४०० मुलींच्या वैद्यकीय नोंदी तीन वर्षांपर्यंत पाहिल्या. लस घेतलेल्यांत गर्भधारणा किंवा लैंगिक आजार वाढलेले दिसले नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन कुणी मुद्दाम गंजलेल्या खिळ्यावर पाय देत नाही.

शेवटचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के केसेस एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात, आणि उपलब्ध लशी त्यांच्यापासून संरक्षण देतात. काही लशी आणखी प्रकार अडवतात, तरी सगळे नाहीत. म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही पुढे ठरलेल्या वयात गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायचीच आहे. आणि आईनेही, कारण तिच्या लहानपणी ही लस नव्हतीच. पहिली आली ती २००६ मध्ये.