गर्भाशय सरकतं म्हणे!

भाची शाळेच्या संघात गोलकीपर आहे. परवा माझ्या आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ‘मुलींच्या फुटबॉलचं सत्य’ नावाचा मेसेज धाडला आणि घरात लगेच ‘बंद करा तिचं ते खेळणं’ सुरू झालं. मेसेजमध्ये मुद्दे चार, खाली जोडलेले हात आणि ‘सर्व पालकांपर्यंत पोहोचवा’.

आधी चौथा मुद्दा घेतो, कारण घर पेटलं ते त्याच्यामुळे. म्हणे, ‘चेंडू पोटावर बसून गर्भाशय सरकतं, पुढे मूल होत नाही. म्हणूनच इंग्लंडने बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली होती.’

बंदी घातली होती, हे खरं. 5 डिसेंबर 1921 ला तिथल्या एफएने, म्हणजे फुटबॉल संघटनेने, आपल्या क्लबांची मैदानं बायकांना नाकारली. पण जेमतेम वर्षभर आधी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर बायकांच्या सामन्याला 53,000 लोक आले होते, हे मेसेजवाला सोयीस्कर गाळतो. बंदी पुढे उठली, आणि 2011 मध्ये त्याच एफएने विमेन्स सुपर लीग सुरू केली, हेही गाळतो.

राहिलं गर्भाशय. ते ओटीपोटात, कमरेच्या हाडांच्या आत असतं. चेंडू लागून सरकायला ती काय कॅरमची सोंगटी आहे? आणि खेळाडूंना मुलं होतच नसतील, तर फिफाने 2021 पासून 14 आठवड्यांच्या पगारी बाळंतपणाच्या रजेचा नियम कुणासाठी केला? आइसलँडची तेव्हाची कर्णधार सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर हिने गरोदरपणातला थकलेला पगार फिफाकडे दाद मागून लिऑन क्लबकडून वसूल केला, 82,000 युरोंहून जास्त. मुलगा झाल्यावर ती पुन्हा मैदानात उतरली. काळजीच करायची तर गुडघ्याची करा. तिथल्या एसीएल नावाच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. सरावाआधी वॉर्म-अप नीट घेतात का, हे सरांना विचारा. पण ते मेसेजमध्ये कुठेच नाही!

बाकीचे मुद्दे पटापट. ‘इंडियन विमेन्स लीग (आपल्याकडची बायकांची राष्ट्रीय क्लब स्पर्धा) फक्त कागदावर आहे.’ 2016-17 च्या पहिल्याच हंगामात मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन जिंकला, पुढे गोकुलम केरळने लागोपाठ तीनदा बाजी मारली. हे सगळं कागदावर झालं का?

‘बाहेर कुणी विचारत नाही.’ आपली मनीषा कल्याण गोकुलममधून सायप्रसच्या अपोलॉन क्लबला गेली आणि 2022 मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबच्या मुलींनी नोव्हेंबर 2025 मध्ये आशियाई क्लबांच्या स्पर्धेत इराणच्या बाम खातून संघाला 3-1 ने हरवलं. पुढे चला.

‘पैसा नाही.’ इथे मात्र नाइलाजाने मान डोलवावी लागते. 2023 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने किमान पगार जाहीर केला तो वर्षाला 3.2 लाख, तोही प्रत्येक क्लबमधल्या किमान दहा भारतीय खेळाडूंपुरता. 2024-25 च्या लीगमध्ये आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाशी दोनदा खेळून एकेका संघाला सबंध हंगामात सामने 14. एवढ्यावर वर्ष कसं काढायचं, आणि दहांबाहेरच्या पोरींनी काय करायचं? महासंघाला हे विचारणारा मेसेज काढा. तो मी स्वतः फॉरवर्ड करीन.