सूप कडू का झालं आणि गाजर कच्चं का राहिलं

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लिंबू-पास्ता घातलेलं चिकन सूप कृतीबरहुकूम करूनही कडू झालं, तासभर शिजवून गाजर कचकचीत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी पातेल्यात पास्त्याचा गिचका उरला. त्यापेक्षा पाण्यात विरघळवायचा सूपाचा तयार क्यूब बरा, असं तुम्ही लिहिलंय.

अर्धं लिंबू सालासकट सुरुवातीलाच टाकल्याचं तुम्ही म्हणता. पहिल्या दोन्ही तक्रारी तिथूनच आल्या. सालीखालचा पांढरा थर आणि बिया उकळत राहिल्या की कडवटपणा पाण्यात उतरतो. आंबट पाण्यात भाज्या लवकर मऊ होत नाहीत, म्हणून गाजर तसंच राहिलं. कृतीत 'लिंबू घाला' एवढंच होतं, कधी ते नव्हतं. ही चूक कृतीची आहे, आता दुरुस्त केली आहे.

तर लिंबू सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर. दीड लिटर सूपला ३ मोठे चमचे, म्हणजे साधारण ४५ मिली, बिया गाळलेला रस. त्याआधी मीठ बरोबर करून घ्या. मीठ कमी असताना लिंबू घातलं तर नुसता आंबटपणा पुढे येतो आणि हात पुन्हा लिंबाकडेच जातो. सालीचा सुगंध हवा असेल तर सोलाण्याने फक्त पिवळ्या भागाच्या दोन पट्ट्या काढा, शेवटची ५ मिनिटं सूपात ठेवा आणि काढून टाका. पार्सलीसुद्धा वाढतानाच घाला. आंबट, गरम सूपात तिचा हिरवा रंग काही मिनिटांत मळकट होतो.

पास्ता सूपातच शिजवला तर चव मुरते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. सगळं सूप एका बैठकीत संपणार असेल तर जरूर तसं करा, पिठुळपणाने सूपाला दाटपणाही येतो. पण उरणार असेल तर नको. शिजलेला पास्ता गार होतानाही पाणी शोषत राहतो, फुगतो आणि शेवटी फुटतो. वेगळ्या पातेल्यात १५० ग्रॅम पास्ता दीड लिटर खारट पाण्यात शिजवा, पाकिटावरच्या वेळेच्या १ मिनिट आधी उपसा, चमचाभर तेल चोळून ठेवा. वाढताना वाटीत पास्ता, वरून गरम सूप. ओर्झोसारखा, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा, बारीक पास्ता इथे सगळ्यात चांगला, चमच्यात सूपाबरोबर येतो.

आता क्यूब. त्यातून मीठ आणि चव मिळते, पण हाडांतून उतरणारं जिलेटिन मिळत नाही, आणि सूप ओठांना किंचित चिकट लागतं ते त्यामुळेच. १ किलो हाडांसकट चिकन २ लिटर गार पाण्यात घ्या, मध्यम आचेवर तापवा आणि वर येणारा करडा फेस काढत राहा. मग आच इतकी मंद करा की अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. खदखदा उकळलं की चरबी पाण्यात मिसळून सूप गढूळ आणि तेलकट होतं. छातीचे तुकडे आत ७४ अंश सेल्सिअस झाले की, म्हणजे अंदाजे २५ मिनिटांत, बाहेर काढा, नाहीतर चोथा होतो. मांडीचे तुकडे ४५ मिनिटं राहू द्या. मांस सोडवून हाडं परत पातेल्यात टाका आणि आणखी तासभर ठेवा. कांदा, तमालपत्र, मिरे याच वेळी घाला. खायचं गाजर मात्र गाळल्यानंतर, १५ मिनिटांसाठी. गाळलेलं सूप फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून पाहा: हलकंसं थरथरलं तर जिलेटिन उतरलंय.

आत्ता कडू झालेल्या सूपात साखर घालू नका, आंबटगोड आणि कडू असं काहीतरी विचित्र होईल. बिनमिठाचं, बिनलिंबाचं तेवढंच सूप मिसळून ते सौम्य करता येईल, पूर्ण सुधारणार नाही. आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा भाग लिंबू घालण्याआधीच बाजूला काढा. पुन्हा गरम करताना लिंबाचा ताजा वास उडतो, म्हणून तो रस त्या दिवशी वाटीतच पिळा.