सॉकेटच्या सिम्युलेशनबाबतच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

पीव्हीसी पाइपाच्या टोकाला सॉकेट (दुसरा पाइप आत बसावा म्हणून रुंद केलेले तोंड) काढण्याच्या संगणकावरील सिम्युलेशनवरच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. विश्लेषण मध्येच बंद पडले ते मेश (हिशेबासाठी पाइपाचे एलिमेंट नावाच्या छोट्या तुकड्यांत केलेले जाळे) जाड असल्यामुळे, आणि मी दोष मात्र मटेरियल मॉडेलला (पदार्थ कसा ताणला जातो हे सांगणाऱ्या सूत्रांना) दिला, हा पहिला. मास स्केलिंगमुळे, म्हणजे हिशेब लवकर व्हावा म्हणून वस्तुमान कृत्रिमरीत्या वाढवल्यामुळे, निकाल विश्वासार्ह राहिले नाहीत, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य आहे. पहिला मला मान्य नाही.

मेश मी बारीक करून पाहिली होती, हे लेखात लिहायचे राहिले. पाइपाच्या जाडीत दोनऐवजी चार एलिमेंट घेतले, तेव्हा विश्लेषण अधिक आधी थांबले. सुरुवातीला मी 23 अंश सेल्सिअसच्या टेन्साइल (तुकडा ताणून पाहण्याच्या) चाचणीचा आलेख भरला होता. त्या तापमानाला पीव्हीसी यील्ड झाल्यावर (कायमचा ताणला जाऊ लागल्यावर) स्ट्रेस (क्षेत्रफळामागचे बल) खाली उतरतो, आणि असा उतार मॉडेलमध्ये असला की सारा स्ट्रेन (ताणले जाण्याचे प्रमाण) एलिमेंटच्या एकाच रांगेत गोळा होतो. रांग जितकी अरुंद, तितकी ती लवकर वेडीवाकडी होते. प्रत्यक्षात पाइप सुमारे 80 अंशांच्या ग्लास ट्रान्झिशन तापमानाच्या (ज्यावर कडक पीव्हीसी मऊ होतो) बराच वर तापवून मॅन्ड्रेलवर (सॉकेटच्या आकाराच्या ठोकळ्यावर) चढवतात, आणि तेथे तो रबरासारखा ताणला जातो. अंधेरीतील ज्या कारखान्यासाठी हे काम होते, तेथे आम्ही तयार सॉकेटचा तुकडा मॅन्ड्रेलशिवाय पुन्हा ओव्हनमध्ये ठेवला, तर तो आक्रसून जवळजवळ मूळ पाइपाच्या मापावर आला. स्ट्रेन धातूसारखा कायमचा असता, तर असे घडले नसते. म्हणून मी हायपरइलॅस्टिक, म्हणजे रबरासारख्या ताणाचे, मॉडेल घेतले.

जाडीचा हिशेब हातानेही करता येतो. बाहेरचा व्यास 110 मिमी, जाडी 4 मिमी, सॉकेटचा आतला व्यास 110 मिमी, आणि लांबी बदलत नाही असे धरले, तर घनफळ कायम राहण्यासाठी जाडी सुमारे 3.73 मिमी व्हायला हवी. पहिल्या मॉडेलमध्ये एका कड्यावर ती याहून फारच कमी दिसत होती, आणि आजूबाजूची भिंत जवळजवळ जशीच्या तशी होती. हे पाहूनच मला मटेरियलचा संशय आला.

उष्णतेचाही प्रश्न आहे, ज्याकडे आपण आणि मी दोघांनीही दुर्लक्ष केले. पीव्हीसीतून उष्णता फार सावकाश पसरते. 4 मिमी भिंत फक्त बाहेरून तापवली, तर आतल्या बाजूपर्यंत तापमान सारखे व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. मी सर्वत्र एकच तापमान धरले होते. ती चूक मी दुरुस्त करत आहे.

आता मास स्केलिंग. वस्तुमान शंभरपट केले की टाइम इन्क्रिमेंट (हिशेबातला वेळेचा एक टप्पा) दहापट होते, आणि वेळ वाचतो. पण कायनेटिक एनर्जी (हालचालीची ऊर्जा) इंटर्नल एनर्जीच्या (पदार्थ ताणण्यात गेलेल्या ऊर्जेच्या) पाच टक्क्यांच्या आत आहे, हे दाखवल्याशिवाय तसा निकाल मांडू नये. मी ते दाखवले नव्हते. आपण लिहिल्यावर तपासले, तेव्हा मॅन्ड्रेलचा उतार सुरू होतो तेथे हे प्रमाण मर्यादेबाहेर गेलेले आढळले. त्या भागातील स्ट्रेसचे आकडे लेखातून काढले आहेत. प्रक्रियेचा वेळ आवळण्याचा दुसरा मार्ग मात्र मी घेणार नाही, कारण तापलेल्या पीव्हीसीचा प्रतिसाद ताणण्याच्या वेगावर अवलंबून असतो, आणि वेळ आवळला की तो वेगच बदलतो. वस्तुमान दहापटच ठेवून विश्लेषण पुन्हा लावले आहे; दोन्ही एनर्जींचे आलेख त्याच लेखात जोडीन.