रक्तातली घाण, कोवळं ऊन आणि एकवीस दिवस: सोरायसिसच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. पाठवणारे काका प्रेमळ आहेत, आणि तो त्यांनी माझ्या भाचीसाठीच पाठवला होता. तिला सतराव्या वर्षी सोरायसिस निघाला. मला तो गेली बावीस वर्षं आहे. मेसेजचं सार असं: सोरायसिस म्हणजे रक्तातली घाण. थंडीत शरीर ती बाहेर टाकतं म्हणून चट्टे वाढतात, आणि मलम लावून रोग दाबला तर तो सांध्यांत उतरतो. रोज सकाळी अंगाला तेल लावून दोन तास कोवळ्या उन्हात बसावं. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने हा रोग होतो, म्हणून मासे, दूध, दही, वांगं, आंबट सगळं बंद. फार विचार करणाऱ्यांनाच तो होतो, तेव्हा मन शांत ठेवा. आणि शेवटी एका चूर्णासाठी फोन नंबर: एकवीस दिवसांत मुळापासून बरा.

पुढच्या पाच आठवड्यांत भाचीचं वजन चार किलोंनी उतरलं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम कपाटात पडून राहिलं. मेसेज साफ खोटा असता तर मी हे लिहायला बसले नसते. ऋतू, ऊन, खाणं आणि ताण या चारही गोष्टी सोरायसिसला खालीवर करतात, हे मी माझ्याच कातडीवर पाहिलं आहे. पण रोग ज्याने हलतो त्यालाच रोगाचं मूळ समजलं की सगळं पथ्य चुकीच्या दिशेला जातं, आणि दोष रोग्याच्या ताटावर नि मनावर येतो.

आधी घाणीबद्दल. आपली वरची त्वचा सतत नवी होत असते. खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास काही दिवसांत उरकतो. पेशी पिकायच्या आतच वर पोचतात, एकमेकींना चिकटून राहतात, आणि तीच ती चंदेरी खपली. ही घाई करायला लावते आपलीच प्रतिकारशक्ती. तिच्यातल्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि त्यांच्या सोबतिणी इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७ असे रासायनिक निरोप धाडत राहतात, जणू त्वचेवर हल्ला झाला आहे. २०१५ पासून वापरात असलेलं सेक्युकिनुमॅब हे इंजेक्शन यातला इंटरल्युकिन-१७चा एकच निरोप अडवतं, आणि बऱ्याच जणांची त्वचा जवळजवळ साफ होते. रक्तात घाण असती तर एक निरोप अडवून ती गेली असती का? ते इंजेक्शन महाग आहे, सगळ्यांना लागतही नाही. पण रोगाचं यंत्र कुठे आहे हे त्याने स्पष्ट दाखवलं.

याला जोडून दुसरं: हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच टॉवेलने होत नाही. शतकानुशतकं त्याची कुष्ठरोगाशी गल्लत होत आली. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फेर्डिनांड फोन हेब्रा यांनी दोन्ही स्पष्टपणे वेगळे केले. तरीही आपल्याकडे न्हावी हात आखडता घेतो आणि स्थळं परत जातात. ‘घाण’ हा शब्द लिहिताना हे सगळं त्याच्या पाठोपाठ येतं, एवढं तरी पाठवणाऱ्याने आठवावं.

थंडीत वाढतो, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. मी मूळची रत्नागिरीची. तिकडे डिसेंबरातही हवा दमट असते आणि माझे चट्टे मऊ राहायचे. लग्नानंतर छत्रपती संभाजीनगरला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात कोपर नि पोटऱ्या भेगाळल्या. कोरडी हवा त्वचेतलं पाणी ओढून घेते, आपण अंग झाकून घेतो त्यामुळे ऊन कमी मिळतं, आणि वरून कढत पाण्याची अंघोळ असते. बाहेर पडणारी घाण यात कुठेच नाही. काहींचा सोरायसिस उलट उन्हाळ्यात बिघडतो, विशेषतः काखेत नि जांघेत, जिथे घाम साचतो. आणि पावसाळ्याची आपली एक वाट आहे. घशाला स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होतो, मग दोन-तीन आठवड्यांनी मुलांच्या, तरुणांच्या अंगावर थेंबांएवढे लाल ठिपके उठतात. भाचीचं असंच झालं. ऑगस्टअखेर घसा धरला, सप्टेंबरात पाठ ठिपक्यांनी भरली.

थंडीच्या तोंडावर आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते जी मेसेजमध्ये नाही. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून, काथ्याने खसाखसा घासून अंघोळ. एकोणिसाव्या शतकात हाइन्रिश कोब्नर यांच्या एका रोग्याला जिथे घोडा चावला होता आणि जिथे गोंदवलं होतं, नेमके तिथेच नवे चट्टे उठले. त्वचेला ओरखडा, भाजणं, घासणं झालं की सोरायसिस अनेकदा त्याच जागी उगवतो, बहुधा दोनेक आठवड्यांनी. दिवाळी होऊन पंधरा दिवस गेलेले असल्यामुळे उटण्याची आठवण कोणाला येत नाही, थंडीला बोल लागतो. उटणं लावा, पण हलक्या हाताने. पाणी कोमट असू द्या आणि अंग टिपून ओलं असतानाच खोबरेल, व्हॅसलीन किंवा साधं मॉइश्चरायझर चोपडा. बावीस वर्षांत इतकं स्वस्त आणि इतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

“मलमाने दाबला तर सांध्यांत उतरतो.” हे वाक्य सगळ्यांत जास्त नुकसान करतं, कारण ते अनुभवाला पटतं. सोरायसिस असलेल्यांपैकी जवळपास ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा सोरायसिस होऊ शकतो. बहुतेकांत त्वचा आधी बिघडते आणि सांधे काही वर्षांनी. मधल्या वर्षांत माणसाने मलम लावलेलंच असतं. मग सांधे धरले की वाटतं, मलमाने ढकलला. पण मलम न लावणाऱ्यांचेही सांधे धरतातच. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा आखडलेपणा, एखादं बोट सॉसेजसारखं सुजणं, यातलं काही दिसलं तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे लवकर जा. झिजलेला सांधा परत येत नाही.

आता ऊन. इथे मेसेजचं निम्मं बरोबर आहे, म्हणून जरा थांबून सांगते. उन्हाचा सोरायसिसवर उपयोग होतो. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गेकरमन यांनी डांबराचं मलम आणि अतिनील किरण यांची जोडी वापरायला सुरुवात केली. मृत समुद्राच्या काठी आजही लोक उपचारासाठी आठवडेच्या आठवडे राहतात. तो किनारा समुद्रसपाटीपेक्षा चारशे मीटरहून खाली आहे, त्यामुळे भाजणारे किरण जादा हवेतून गाळून येतात आणि माणूस न करपता जास्त वेळ बसू शकतो. दवाखान्यातल्या प्रकाशपेटीत ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील-बी (यूव्हीबी) प्रकाश देतात. तो त्या खवळलेल्या टी-पेशींना शांत करतो.

आणि नेमका हाच अतिनील-बी कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतो. सूर्य खाली असताना किरणांना तिरकस, लांबचा प्रवास करावा लागतो आणि वाटेत ओझोन त्यांना शोषून घेतो. आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडत असेल तोवर अतिनील-बी फार थोडा, हा ढोबळ आडाखा. सातच्या उन्हात दोन तास बसून ऊब मिळेल, मनाला बरं वाटेल, चट्ट्यांना विशेष काही मिळणार नाही. बंद काचेच्या गॅलरीत तर मुळीच नाही, काच अतिनील-बी अडवते. मग भर दुपारी दोन तास? अजिबात नको. त्वचा भाजली की कोब्नरचा तोच नियम लागू होतो आणि भाजल्या जागी नवे चट्टे येतात. पेटीतसुद्धा अगदी छोट्या मात्रेपासून सुरू करून, आठवड्यातून दोन-तीन वेळा, हळूहळू वाढवत नेतात. वीस-तीस बैठका सहज होतात. उन्हाचं तसंच, काही मिनिटांपासून, आणि आपल्या डॉक्टरांना विचारून. डॉक्सिसायक्लीनसारख्या गोळ्या चालू असतील तर त्वचा एरवीपेक्षा लवकर करपते. तेलाबद्दल मात्र मेसेज चुकलेला नाही. खपलीवर तेलाचा पातळ हात फिरवला की प्रकाश विखुरण्याऐवजी आत जातो.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगायला हवी. काही जण बावचीचा लेप लावून उन्हात बसायला सांगतात. बावचीतल्या सोरालेन या उन्हाने चेतणाऱ्या द्रव्यात ताकद आहेच. सोरालेनच्याच कुळातली गोळी आणि अतिनील-ए प्रकाश यांच्या उपचारावरचा गाजलेला निबंध १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या चार लेखकांत एक एम. ए. पाठक होते. पण तिथे गोळी मोजून होती, प्रकाश मोजून होता. घरच्या लेपात दोन्ही बेहिशेबी, आणि टम्म फोड घेऊन दवाखान्यात आलेली माणसं मी पाहिली आहेत.

उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं म्हणून चट्टे जातात, असंही सांगतात. ‘ड’च्या गोळीने सोरायसिस जातो असा भक्कम पुरावा नाही. पण भाचीच्या कपाटात पडलेलं कॅल्सिपोट्रिऑलचं मलम ‘ड’ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं आहे! १९८५ मध्ये जपानी डॉक्टरांना हाडं ठिसूळ झालेल्या एका रोग्यात हा धागा सापडला. हाडांसाठी ‘ड’चं औषध दिलं आणि सोरायसिस ओसरला. मेसेजवाल्यांना जे उन्हातून हवं होतं, त्याच्या जवळचं काहीतरी त्या ट्यूबमध्ये होतं.

दूध-माशांबद्दल. हाच दोष आपल्याकडे कोडालाही लावतात. कोडात त्वचेचा रंग देणाऱ्या पेशी जातात, सोरायसिसमध्ये त्वचा भराभर वाढते. दोन निराळ्या रोगांना एकच माशाचं कालवण कसं पुरतं? दोन्हींपैकी एकालाही ते कारण असल्याचा पुरावा नाही. वांग्याबद्दल नाही, दह्याबद्दल नाही. खाण्याचा खरा संबंध वजनाशी आहे. चरबीचा साठा स्वतःच दाह वाढवणारी रसायनं सोडतो. म्हणून वजन जास्त असलेल्याने कमी उष्मांकाचा आहार घेऊन ते उतरवलं तर चट्टे कमी व्हायला आणि औषध लागू पडायला मदत होते. अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये आहाराबद्दल ठाम शिफारस केली ती हीच. गहू सोडणं त्यांनी फक्त ग्लुटेनच्या (गव्हातल्या प्रथिनाच्या) रक्तचाचण्या सकारात्मक आलेल्यांपुरतं ठेवलं. दारू आणि सिगारेट मात्र खरोखर सोडण्यासारख्या, आणि सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर दारू यकृतावर दुहेरी घाव घालते. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा.)

भाची मुळातच काटकुळी. तिला उतरवायला वजन नव्हतं. बांगडा, तारली, दूध, दही काढून घेतल्यावर तिच्या ताटात पोळी आणि दुधीची भाजी उरली होती. वाढत्या वयात, त्वचा इतक्या वेगाने गळत असताना, प्रथिनं काढून घेणं हे पथ्य नव्हे. एखादा पदार्थ खरंच बाधतो असं वाटलं तर तो एकच पदार्थ सहा आठवडे बंद करून पुन्हा सुरू करून पाहा, आणि वहीत लिहा. दहा पदार्थ एकदम सोडले तर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

“विचार करणाऱ्यांनाच होतो.” पाळण्यातल्या बाळालाही सोरायसिस होतो. ते कसला विचार करत होतं? ताणाने रोग उसळतो हे मात्र मला मान्य आहे. माझे वडील गेले त्या महिन्यात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत चट्टे आले होते. त्वचा आणि मज्जातंतू यांचं नातं इतकं जवळचं आहे की एखाद्या भागाची नस तुटल्यावर तिथला चट्टा नाहीसा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. १९९८ मध्ये ध्यानाचे अमेरिकी अभ्यासक जॉन कबाट-झिन आणि सहकाऱ्यांनी ३७ रोग्यांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रकाशोपचार सगळ्यांनाच दिला, काहींना त्या वेळी ध्यानाच्या सूचनांची टेप ऐकवली. टेप ऐकणाऱ्यांची त्वचा लवकर साफ झाली. उपचार सोडून ध्यान कोणी केलं नव्हतं, उपचाराच्या जोडीला केलं होतं. आणि सतरा वर्षांच्या मुलीपासून वर्गात शेजारची मुलगी बाक सरकवून बसत असेल, तर तिला “मन शांत ठेव” म्हणणं म्हणजे आजाराच्या वर आणखी एक गुन्हा तिच्या नावावर लावणं.

राहिले एकवीस दिवस. मीही अशा पुड्या घेतल्या आहेत, २००९ मध्ये. दहा दिवसांत त्वचा इतकी साफ झाली की मी रडले. दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, भूक आवरेना. पैसे संपले म्हणून पुड्या एकदम बंद केल्या, आणि तीन आठवड्यांत डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग लाल. बाहेर मे महिन्याचं चाळीस अंशांचं ऊन आणि मी दोन चादरींत कुडकुडत होते, कारण तशा अवस्थेत त्वचेला उष्णता धरून ठेवता येत नाही. मला भरती करणाऱ्या डॉक्टरांनी पुडीत स्टिरॉइड असल्याचा संशय सांगितला. अशा चूर्णांत ते मिसळलेलं सापडतं, आणि पोटातलं स्टिरॉइड अचानक थांबलं की सोरायसिस असाच भडकतो. तुम्ही अशी पुडी घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. पुडी सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

सगळ्याच चूर्णांत स्टिरॉइड नसतं. तरी “मला गुण आला” म्हणणारे भेटतातच, आणि ते खोटं बोलत नसतात. माणूस चूर्ण कधी घेतो? रोग शिगेला पोचतो तेव्हा, म्हणजे बहुधा पौषात. पुढे महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, हवा बदलते, ऊन वाढतं, आणि चट्टे तसेही ओसरायच्या वाटेला लागतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. थेंबांच्या सोरायसिसमध्ये तर ही गाठ आणखी पक्की, कारण तो बऱ्याच मुलांत काही महिन्यांनी आपोआपच मावळतो, कधी परत येतो, कधी नाही.

फेब्रुवारी संपत आला आहे. भाची पुन्हा मासे खाते, मलम लावते, दोन किलो वजन भरून आलं आहे. पाठीवरचे ठिपके पुसट झाले, पोटावरचे गेले. मलमाने गेले, हवेने गेले की आपसूक, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. काल काकांनी ग्रुपवर विचारलं, “चूर्णाने गुण आला ना?” मी उत्तर लिहिलं: काका, ते चूर्ण आम्ही मागवलंच नव्हतं.