आयआरएने बंदुका टाकल्या कधी? मामांच्या फॉरवर्डला उत्तर

'आधी शस्त्रं, मग चर्चा! ब्रिटनने आयरिश दहशतवाद्यांना गुडघ्यावर आणलं ते असं' या मथळ्याचं फॉरवर्ड सध्या फिरतंय. इतर ग्रुपांवर दिसलं तेव्हा दुर्लक्ष केलं. पण मामांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं, वर 'अभ्यासपूर्ण' असा शेरा मारला, आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्या भाचीने त्याला अंगठा दिला. आता मात्र गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडायला लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने आधी शस्त्रं टाकली, मगच तिथला संघर्ष मिटवणारा १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला. ब्रिटनने बदल्यात काही दिलं नाही. तेव्हापासून तिथे एक गोळी सुटलेली नाही. आणि या कणखर नेत्यांना जनतेने डोक्यावर घेतलं. पुराव्यादाखल एक फोटो: तोंडं झाकलेली माणसं गुडघे टेकून बंदुका जमा करताहेत.

फोटोचंच आधी बघू, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे. आयआरएने शस्त्रं निकामी केल्याचा एकही फोटो आजवर प्रसिद्ध झालेला नाही. उलट अशा फोटोवरूनच २००४ च्या डिसेंबरात जुळत आलेली तडजोड फिसकटली. ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्यांचे कट्टर नेते इयन पेझली आणि त्यांचा डीयूपी पक्ष फोटोसाठी अडून बसले होते. पापी माणसाने गोणपाट पांघरून, राख फासून पश्चात्ताप करावा तसा आयआरएने चारचौघांत करावा, असं पेझली जाहीर सभेत बोलले. शस्त्रं निकामी करू, पण धिंड काढू देणार नाही, असं आयआरएचं उत्तर आलं. संपलं.

मग २००५ च्या सप्टेंबरात काम झालं ते कसं? कॅनडाचे निवृत्त जनरल जॉन द शॅस्टलेन यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगासमोर, आणि साक्षीला दोन धर्मगुरू: मेथॉडिस्ट हॅरल्ड गुड आणि कॅथलिक ॲलेक रीड. ब्रिटिश सैन्याच्या हाती एक काडतूसही गेलं नाही. आयोगाने यादी छापली नाही, जागाही सांगितल्या नाहीत.

गुडघे टेकलेल्या माणसाचा खरा फोटो हवाच असेल, तर तो याच फादर रीड यांचा आहे. मार्च १९८८, पश्चिम बेलफास्ट. आयआरएने मारलेल्या ब्रिटिश सैनिकाच्या उघड्या प्रेताशेजारी ते रस्त्यावर गुडघ्यांवर बसलेत. त्या दिवशी त्यांच्याजवळ एक पाकीट होतं: आयआरएची राजकीय बाजू असलेल्या शिन फेन पक्षाकडून मवाळ आयरिश राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांना जाणारा, शांततेची वाट चाचपणारा कागद. पाकिटाला रक्त लागलं म्हणून त्यांनी ते बदललं आणि कागद पोचता केला. म्हणजे बंदुका चालू असताना बोलणी सुरू होती, करार व्हायच्या दहा वर्षं आधी.

तेव्हा 'आधी शस्त्रं, मग चर्चा' हा क्रमच उलटा आहे. ती अट ब्रिटनने १९९५ मध्ये घालून पाहिली होती. शिन फेनने चर्चेला बसायच्या आधी आयआरएने थोडी तरी शस्त्रं टाकावीत, असा आग्रह होता. जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज मिचेल यांच्या समितीने साफ सांगितलं की हे होणार नाही, दोन्ही गोष्टी बरोबरीने चालवा. पुढच्याच महिन्यात आयआरएने शस्त्रसंधी मोडला आणि लंडनच्या डॉकलंड्समध्ये बॉम्ब उडवला, दोघे मेले. १९९७ च्या सप्टेंबरात शिन फेन चर्चेला बसला तेव्हा आयआरएने एक पिस्तूलही दिलेलं नव्हतं.

आणि करारात काय लिहिलंय? उत्तर आयर्लंडमधल्या घराघरात तो कागद पोचवला होता, मामांनीही वाचायला हरकत नाही. त्यात पक्षांनी एवढंच कबूल केलंय की आपला जो काही प्रभाव असेल तो वापरून, सार्वमतानंतर दोन वर्षांत सगळ्या सशस्त्र गटांची शस्त्रं निकामी व्हावीत यासाठी झटू. सही पक्षांची आणि सरकारांची, आयआरएची नाही. मुदत मे २००० ची होती. आयआरएचा पहिला साठा निकामी झाला ऑक्टोबर २००१ मध्ये, शेवटचा २००५ मध्ये. दरम्यान करारातून आलेलं, दोन्ही बाजूंचं सत्तावाटपाचं सरकार दोनदा महिनोन् महिने गुंडाळलं गेलं. करारातलं शस्त्रांबद्दलचं ते वाक्य मुद्दाम मोघम ठेवलेलं होतं. ते नेमकं केलं असतं तर त्या शुक्रवारी सही झालीच नसती, असं माझं मत.

बाकीचं भराभर. 'काही दिलं नाही'? जुलै २००० पर्यंत चारशेहून जास्त कैदी सोडले, त्यात खून केलेलेही होते. आरयूसी हे पोलीस दल २००१ मध्ये नव्या नावाने उभं केलं. 'शस्त्रं फक्त आयआरएकडे' असंही सुचवलंय. ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटांपैकी यूव्हीएफने २००९ मध्ये आणि यूडीएने २०१० मध्ये शस्त्रं निकामी केली, म्हणजे आयआरएच्याही नंतर. 'एक गोळी सुटली नाही'? कराराला चार महिने होतात तोच, १५ ऑगस्ट १९९८ ला, ओमा गावात आयआरएतून फुटलेल्या गटाच्या बॉम्बने २९ जण मेले. असलं लिहिताना लाज वाटायला हवी.

एक मात्र नाइलाजाने मान्य. आयआरए थकली होती, तिच्यात ब्रिटिशांचे खबरे खोलवर शिरले होते, आणि बंदुकीने ब्रिटनला हाकलता येणार नाही हे तिच्या पुढाऱ्यांना कळून चुकलं होतं. बहुमताच्या संमतीशिवाय उत्तर आयर्लंड ब्रिटनमधून बाहेर पडणार नाही, हेही शिन फेनने करारात गिळलं. पण तिकडे ब्रिटनलाही आयआरए संपवता येत नव्हती.

राहिले डोक्यावर घेतलेले नेते. युनियनिस्टांच्या, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्यांच्या, बाजूने सही करणारे डेव्हिड ट्रिंबल ह्यूम यांच्याबरोबर नोबेलचे मानकरी ठरले. पण 'बंदुका कुठायत' हा प्रश्न स्वपक्षीयांनीच त्यांना वर्षानुवर्षं विचारला. मे २००५ मध्ये ते स्वतःची खासदारकी हरले. शेवटचा शस्त्रसाठा निकामी झाला त्यानंतर चार महिन्यांनी. आणि २००७ च्या मे महिन्यात आयआरएच्या माजी कमांडर मार्टिन मॅकगिनेसबरोबर सरकार चालवायला बसले ते कोण, तर कराराला जन्मभर नाही म्हणत आलेले पेझली.