फुकट ऐकणं वेगळं, चारचौघांत वाजवणं वेगळं

गेल्या आठवड्यात एक मेल आला. स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारं एक छोटं रेडिओ केंद्र. त्यांना माझी बासरीची एक धून रात्रीच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावायची आहे. मेलमध्ये तीन प्रश्न होते. तुमच्या परवान्यात प्रसारण बसतं का? पैसे किती? आणि तुम्ही रॉयल्टी वसूल करणाऱ्या कुठल्या संस्थेचे सभासद आहात का?

पहिले दोन प्रश्न मला नेहमी येतात. तिसरा आजवर कुणी विचारला नव्हता. ज्याने कुणी तो लिहिला त्याचे हात एकदा पोळलेले असणार, कारण सगळी मेख तिथेच आहे. उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, इथेच टाकावं.

धून साधीच आहे. रात्री पंखा बंद करून, दाराच्या फटीला टॉवेल लावून केलेलं दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग. एक मिनिट बाराव्या सेकंदाला खुर्ची करकरते. ती तशीच ठेवली, कारण त्यापुढचा सूर नंतर काही केल्या तसा लागेना. माझं पोट यावर चालत नाही, हे आधीच सांगतो. ज्यांचं चालतं त्यांना ‘द्या की फुकट’ असं सांगायचा मला काडीचा अधिकार नाही. मी बोलतोय ते ज्यांनी आपलं संगीत मुक्त परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरायची परवानगी आधीच देऊन, सोडायचं ठरवलंच आहे त्यांच्याशी. त्यातले बरेचजण एका हाताने देतात, दुसऱ्या हाताने काढून घेतात, आणि काढून घेतलंय हे त्यांच्या गावीही नसतं.

घरी हेडफोन लावून ऐकणाऱ्याला परवान्याची फिकीर फारशी करावी लागत नाही. गाणं चारचौघांत गेलं की मात्र कायदा जागा होतो. दुकानातलं पार्श्वसंगीत, सभागृहातला कार्यक्रम, नाचाचा वर्ग, रेडिओ. ही भानगड जुनी आहे. १८४७ साली पॅरिसमधल्या एका कॅफेत एर्नेस्ट बुर्जे हा गीतकार बसला होता आणि तिथे त्याचीच रचना चालू होती. पेयाचे पैसे मागितले तेव्हा तो म्हणाला, तुम्ही माझ्या गाण्याचे देत नाही, मग मी तुमचे कशाला देऊ? प्रकरण कोर्टात गेलं, निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि १८५१ मध्ये साकेम ही फ्रान्समधली वसुली संस्था उभी राहिली. पुढे इतर देशांतही तशाच संस्था आल्या.

बुर्जे मला सोळा आणे पटतो. कॅफेवाला त्याच्या गाण्यावर गिऱ्हाईक बसवून ठेवत होता आणि त्याला छदामही देत नव्हता. पण एकटा माणूस गावोगावच्या कॅफेत जाऊन किती ठिकाणी भांडणार? म्हणून संस्था. सगळ्यांचे हक्क एका पेटीत, किल्ली संस्थेकडे, वसुली तिची, वाटणीही तीच करणार.

पण किल्ली दिली की दिली. बऱ्याच देशांत सभासद होताना सार्वजनिक सादरीकरणाचा आणि प्रसारणाचा हक्क तुम्ही संस्थेच्या स्वाधीन करता, आणि तोही एखाददुसऱ्या गाण्याचा नाही, पुढे जे जे रचाल त्या सगळ्याचा. मग दुसऱ्या दिवशी नव्या धुनेवर मोठ्या मनाने मुक्त परवाना चिकटवलात, तर ते भाड्याने दिलेल्या घराची चावी पाहुण्याच्या हातात ठेवण्यासारखं झालं. रेडिओवाला बिचारा विश्वासाने वाजवणार आणि संस्थेचं बिल त्याच्या दारात. तुमचा परवाना दाखवून त्याचा काही उपयोग नाही, कारण जे तुमच्याकडे नव्हतंच ते तुम्ही दिलंत. अमेरिकेतल्या ॲस्कॅप आणि बीएमआय या संस्थांत सभासदाला थेट परवाना देता येतो, म्हणजे सगळीकडे सारखं नाही. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात सभासदांना बिगरव्यावसायिक वापरापुरते स्वतः परवाने देण्याची मोकळीक दिली, तीही चांगलीच गोष्ट. फक्त ‘बिगरव्यावसायिक’ या शब्दाशी येऊन गाडी रुतते. त्याकडे येतोच.

त्याआधी आणखी एक गुंता. आपण ज्याला ‘गाणं’ म्हणतो ते कायद्याला एकसंध दिसत नाही. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, वाजवणारे तिसरे, रेकॉर्डिंग चौथ्याचं. बाख हा जर्मन संगीतकार १७५० साली गेला, त्याच्या रचनेवर आता कुणाचाच दावा नाही. पण काल कुणीतरी केलेलं त्याच रचनेचं रेकॉर्डिंग त्या कालच्या लोकांचं आहे. किमिको इशिझाका या पियानोवादिकेने २०१२ मध्ये बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स वाजवून ते रेकॉर्डिंग सीसी झिरोखाली, म्हणजे आपले सगळे हक्क सोडून देऊन, सोडलं, त्याचं मोल यामुळे. रचना आधीच मोकळी होती, तिने रेकॉर्डिंगही मोकळं केलं. माझ्या धुनेत चाल माझी, फुंकर माझी, माइक माझा आणि करकरणारी खुर्चीही माझीच. पण साथीला तबलजी असता तर त्याचीही सही घ्यावी लागली असती. रात्री अडीच वाजता दोस्तीत म्हटलेलं ‘टाक रे, माझी काय हरकत’ हे पुढे टिकत नाही. एका मित्राच्या बाबतीत पाहिलंय, दोस्तीही टिकली नाही.

परवाना म्हणजे मी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे, कुणालाही आपल्या कामावर लावता येणारे तयार परवाने धरतोय. पहिले २००२ च्या डिसेंबरात आले, सध्याची ४.० आवृत्ती २०१३ ची. तिच्यात लोकांपर्यंत पोचवण्याची जी व्याख्या आहे तिच्यातच सार्वजनिक सादरीकरण येतं, आणि प्रसारण नि ध्वनिमुद्रणाचे हक्कही परवान्याच्या कक्षेत येतात. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ: हो, बसतं. रॉयल्टीबद्दलचं वाक्य मात्र दोनदा वाचण्यासारखं आहे. तिथे देणारा म्हणतो की जिथे जिथे मला सोडता येते तिथे मी रॉयल्टी सोडली, थेट घ्यायचीही आणि संस्थेमार्फत यायचीही. जिथे सोडता येत नाही तिथे राखून ठेवली.

‘सोडता येत नाही’ हा तुकडा वाचताना डोळा पुढे सरकतो. सरकू देऊ नका. काही देशांत कलाकाराच्या आणि निर्मात्याच्या मोबदल्याचा काही भाग कायद्यानेच ठरवलेला असतो आणि तो गोळा करण्याचं काम ठरावीक संस्थेकडे असतं. तुम्ही थेट परवाना दिला असेल तरीही. फ्रान्समध्ये सतरंज्या-गालिचे विकणाऱ्या सँ-माक्लू या साखळीने जामेंदो या ऑनलाइन संगीत संकेतस्थळाच्या साठ्यातलं संगीत दुकानांत लावलं होतं. कलाकारांनी जामेंदोला थेट परवानगी दिलेली, दुकानाने त्याचे पैसे भरलेले, त्यामुळे वसुली संस्थांचं देणं लागत नाही अशी त्यांची समजूत. ११ डिसेंबर २०१९ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रेकॉर्डिंगचा कायद्याने ठरलेला मोबदला द्यावाच लागेल. म्हणून ‘पैसे लागतील का’ याला मी ‘मला नाही लागणार’ एवढंच उत्तर देतो. तुमच्याकडचा कायदा तुम्ही बघा. हे उत्तर ऐकायला रुक्ष आहे, पण खरं आहे.

आणि आता एनसी. बिगरव्यावसायिक. आपण परवाना निवडायला बसतो तेव्हा या खुणेकडे हात आपोआप जातो. मीही पहिली चार वर्षं तीच लावली. मनात एक चित्र असतं: कुणीतरी लठ्ठ कंपनी, आपली धून, तिची जाहिरात, आणि आपण टीव्हीसमोर हात चोळत बसलोय. भीती खोटी नाही. पण त्या कंपनीसाठी लावलेलं कुलूप नेमकं कुणाला अडवतं ते बघा. रेडिओ केंद्र स्वयंसेवकांचं आहे, पण तासाला एक प्रायोजकाची ओळ वाचतं. जमलं व्यावसायिक? नाटकमंडळी हौशी आहेत, पण सभागृहाचं भाडं निघावं म्हणून तिकीट लावतात. दवाखान्यातली प्रतीक्षा-खोली? योगवर्ग? परवान्यातली व्याख्या म्हणते, मुख्यतः व्यापारी फायद्यासाठी किंवा पैशाच्या मोबदल्यासाठी नसलेला वापर. ‘मुख्यतः’ या शब्दाने कुणाचं पोट भरणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच एका निकालात म्हटलं होतं की उपाहारगृहात संगीतासाठी वेगळं तिकीट नसलं तरी ते नफ्यासाठीच वाजतं, कारण गिऱ्हाईक जे मोजतो त्यात संगीतही आलं. तो निकाल वेगळ्या कायद्याखालचा होता, पण प्रश्न हाच. खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सने २००९ मध्ये या एका शब्दाचा लोक काय अर्थ लावतात यावर सबंध अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शब्दासाठी अभ्यास करावा लागतो तो शब्द रेडिओच्या पोराने रात्री साडेदहाला कसा लावायचा?

त्यात एनसी परवान्यात बिगरव्यावसायिक चौकटीबाहेरच्या वापराची रॉयल्टी सरसकट राखून ठेवलेली असते. म्हणजे त्या पोराचा अंदाज चुकला तर बिलही येऊ शकतं. परिणाम असा की जो नियम पाळतो, घाबरतो, तो तुमची धून वाजवतच नाही. आणि ज्याच्यासाठी कुलूप लावलं तो मुळात परवाना वाचत नाही.

मग उघडं टाकायचं का सगळं? मी ‘बाय-एसए’ लावतो. नाव द्या, आणि धुनेवरून काही नवीन केलंत तर तेही याच परवान्याखाली सोडा. नुसती जशीच्या तशी वाजवली, रेडिओवर किंवा सभागृहात, तर नाव देण्यापलीकडे काही बंधन नाही. पण चित्राशी सांधून वापरली, म्हणजे चित्रफितीत, जाहिरातीत, तर परवान्याच्या लेखी ते रूपांतर ठरतं. (‘एनडी’ लावणाऱ्यांनी हे खास वाचावं. रूपांतराला मनाई म्हणजे व्हिडिओलाही मनाई, आणि मग तेच विचारतात की माझं संगीत कुणी व्हिडिओत का घेत नाही.) आपली जाहिरात जगाला मोकळी करायला सहसा कुठली कंपनी तयार होत नाही. ती माझ्याकडे येईल आणि वेगळा परवाना मागेल, तेव्हा बोलू पैशाचं. अजून कुणी आलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

दुकानदाराने माझी धून दहा वर्षं फुकट वाजवली तर? वाजवू दे. मला थोडं लागेल, नाही असं नाही. पण एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही, हे देतानाच माहीत होतं.

प्रसारकांना मोकळं संगीत खरंच हवं असतं का, असं एकाने मला विचारलं होतं. १९४१ ची गोष्ट बघा. ॲस्कॅपने दर वाढवायचं म्हटलं आणि अमेरिकेतल्या बहुतेक रेडिओ केंद्रांनी १ जानेवारीपासून तिच्या सभासदांची गाणी बंदच केली. आधी, १९३९ मध्ये, त्यांनी स्वतःची पर्यायी संस्था काढून ठेवली होती, तीच ही बीएमआय. तरी गाणी पुरेनात. मग स्टीफन फॉस्टर या जुन्या अमेरिकन गीतकाराच्या रचना निघाल्या. १८६४ साली गेलेला माणूस, सगळं हक्कमुक्त. त्या वर्षी लोकांनी रेडिओवर इतका फॉस्टर ऐकला की कान किटले. ऑक्टोबरपर्यंत तडजोड होऊन जुनी गाणी परत आली. मला यातलं गंमतशीर वाटतं ते हे की मोकळं संगीत तेव्हा हाताशी होतं, पण सगळं जुनं. जिवंत माणसाने आज रचलेलं आणि आजच मोकळं केलेलं काही नव्हतं. ती जागा आपण भरू शकतो, पण कागद साफ असेल तरच.

कागदावरून आठवलं. तीन वर्षांपूर्वी एका बाईंनी माझी धून नाव देऊन, परवाना लिहून, त्यांच्या छोट्या माहितीपटात वापरली. महिन्याभरात त्यांच्या व्हिडिओवर दावा लागला, की हे संगीत दुसऱ्याच कुणाचं आहे. झालं असं होतं की एका पोराने माझ्या धुनेवर रॅप चढवलं, एका वितरकामार्फत ते ‘स्वतःचं’ म्हणून नोंदवलं, आणि त्या संकेतस्थळाच्या यंत्राने मूळ धूनच त्याची ठरवली. बाईंनी मला विचारलं, “अहो, तुमचीच आहे ना नक्की?” इतकं ओशाळं मला कधी वाटलं नव्हतं. एकवीस दिवस लागले. कामी काय आलं? मूळ रेकॉर्डिंगची फाइल, तिच्यावरची तारीख, आणि ती खुर्ची. रॅपमागे एक मिनिट बाराव्या सेकंदाला ती स्पष्ट करकरत होती.

तेव्हापासून प्रत्येक धुनेसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवतो. रचना कुणाची, वादन कुणाचं, रेकॉर्डिंग कधीचं, परवाना कुठला नि कितवी आवृत्ती, आणि एक वाक्य: ‘मी कुठल्याही वसुली संस्थेचा सभासद नाही; सार्वजनिक सादरीकरण आणि प्रसारण या परवान्यात येतं.’ परवान्यात ते आधीच आहे, मग पुन्हा कशाला, असं कायदा कळणारे म्हणतात. त्यांना म्हणावं, रेडिओच्या पोराच्या जागी बसून बघा.

रेडिओवाल्यांना हीच फाइल पाठवली. काल उलट मेल आला, धन्यवाद वगैरे. परवान्यात श्रेय माध्यमाला शोभेल अशा कुठल्याही वाजवी रीतीने द्यायची मुभा आहे, तर ते धून संपल्यावर निवेदकाकडून माझं नाव वाचून घेणार आहेत. फक्त एक अडचण आहे म्हणाले. आडनावातला ‘ळ’ त्यांच्या निवेदकाच्या जिभेवर काही केल्या बसत नाहीये, तर म्हणून दाखवाल का?

रात्री पुन्हा पंखा बंद केला, दाराला टॉवेल लावला, आणि चार सेकंदांची फाइल करून पाठवली. तिच्यावर सीसी झिरो टाकलंय.