पडवीतला लाल कोबा

कोकणातल्या आमच्या घराच्या पडवीत लाल कोबा, म्हणजे सिमेंटची घोटीव जमीन, करायचा, हा ठराव घरात एकमताने संमत झाला. मत एकच होते आणि ते सौभाग्यवतींचे होते. तिच्या माहेरच्या माजघरातल्या कोब्यात बघून भांग पाडता येत असे, असे ती सांगते. मला तो कोबा आठवतो तो निराळ्या कारणाने, कारण मुलगी पाहायला गेलेला मी पहिल्याच पावलाला त्यावरून घसरलो होतो.

उभे आयुष्य हिशेबतपासनिसाच्या नोकरीत गेल्यामुळे मी या कामाचीही आगाऊ तपासणी केली. कोब्यातला लाल रंग म्हणजे लोहाचे ऑक्साइड, साध्या भाषेत गंज. म्हणूनच तो उन्हाने उडत नाही आणि सिमेंटच्या क्षारानेही मरत नाही. त्याचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्के धरले, तर 50 किलोच्या पोत्याला अडीच किलो रंग लागतो. 10 टक्क्यांच्या पुढे गेल्यास रंग फारसा गडद होत नाही, कोबा मात्र कच्चा राहतो. ही सर्व माहिती मी गवंड्याला वाचून दाखवली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि शेजारचा तुपाचा जुना डबा उचलून म्हणाला, "साहेब, पोत्याला एवढा डबा. आमच्या वडिलांपासून हाच डबा आहे."

डबा ठोकून भरला तर रंग जास्त मावतो आणि अलगद भरला तर कमी, हे त्याला पटवण्यात सकाळ गेली. अखेर स्वयंपाकघरातला वजनकाटा पडवीत आला. तो परत आत नेऊ नये, अशी ताकीदही त्याच्या मागोमाग आली. त्यानंतरचा वाद पाण्याचा. रंग पाण्यात कालवून ओतण्याचा त्याचा बेत मी हाणून पाडला आणि सिमेंट व रंग कोरडेच, एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत फावड्याने वरखाली करायला लावले. एका घमेल्यात पाणी कमी आणि दुसऱ्यात जास्त झाले, तर जास्त पाण्याचा भाग फिका पडतो. परंतु गवंड्याला कोबा घोटताना वरून ओंजळभर पाणी शिंपडल्याखेरीज चैन पडत नसे. त्याच्या हातातला पाण्याचा मग मी दोनदा काढून घेतला. तिसऱ्या वेळी त्याने काही न बोलता माझ्या हातात गुरमाळा, म्हणजे कोबा घोटायची लोखंडी थापी, दिला आणि तो बिडी ओढायला पायरीवर जाऊन बसला. मी पाण्याचा मग त्याला परत दिला.

खरी परीक्षा त्यानंतरच्या थांबण्याची असते. माल पसरून सपाट केला की त्यातले पाणी वर येऊन चमकू लागते, आणि ते आपोआप नाहीसे होईपर्यंत कोब्याला हात लावायचा नसतो, नाहीतर वरचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. उशीर झाला तरी पंचाईत, कारण घट्ट होत आलेल्या कोब्यावर लोखंडी गुरमाळा फार घासला तर काळे डाग उमटतात. एवढ्या बाबतीत मात्र गवंड्याचा अंगठा माझ्या सगळ्या टिपणांपेक्षा शहाणा निघाला. तो अधूनमधून कोपऱ्यात अंगठा दाबून बघे, मान हलवी आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसे. संध्याकाळी पडवी डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसू लागली. सौभाग्यवती दारात उभी राहून माझ्याकडे कौतुकाने पाहत होती, आणि ओला कोबा वाळल्यावर बराच फिका होतो ही माहिती मी त्या दिवशी स्वतःपाशीच ठेवली.

यानंतरची चूक पूर्णपणे माझी. कोब्यातली ओल टिकावी म्हणून मी त्यावर रात्री प्लास्टिकचा मोठा कागद मायेने पांघरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला चिरे ठेवले. आठवड्याने कागद काढला, तेव्हा जिथे तो चिकटून होता तिथे एक लाल, जिथे सुरकुतला होता तिथे दुसरा लाल, आणि सुरकुत्यांत साठलेल्या पाण्याच्या काठाकाठाने सिमेंटमधला चुना वर येऊन हवेत पांढरा पडलेला. शेजारचे भाऊ म्हणाले, "रांगोळी छान काढलीत हो." गवंड्याने अॅसिड सुचवले; अॅसिडने या पांढऱ्या खाराबरोबर कोब्याचा वरचा थरही जाईल, म्हणून मी ते नाकारून गेले दोन महिने रोज सकाळी मऊ ब्रश आणि साधे पाणी घेऊन बसतो आहे. खार प्रत्येक वेळी थोडा कमी होऊन परत येतो.

काम सुरू होण्यापूर्वी, नमुना पाहावा म्हणून मी परसात फणसाखाली दोन फूट लांबरुंद तुकडा करून घेतला होता आणि नंतर तो साफ विसरलो होतो. त्याच्यावर कोणी काही पांघरले नाही. तो सर्वत्र एकसारखा, गर्द लाल आणि आरशासारखा झाला आहे. हल्ली पाहुणे आले की सौभाग्यवती त्यांना पडवीतून झपाझप पुढे काढते आणि थेट परसात नेते, मांजराला उठवते, आणि म्हणते, "हा बघा आमचा कोबा."